चौदा शंखांच्या चिठ्ठ्या

अप्पा, उद्या सकाळी कॉलेजची गाडी येणार आणि तुमचे दगड घेऊन जाणार. दगड म्हटलेलं तुम्हाला खपायचं नाही, पण तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तेवढी सूट मी घेते. कपाट आज रिकामं केलं. दगड झालेले शिंपले, शार्कचे दात, ते बोटाएवढे लांबुडके तुकडे, सगळं गोणपाटात गुंडाळून खोक्यांत भरलं, आणि चौदा शंखांच्या पुठ्ठ्याच्या डब्या तेवढ्या वेगळ्या काढून जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडल्या. मग टेबलावर जागाच उरली नाही म्हणून दुपारी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच दहीभात खाल्ला. खोटं कशाला बोलू, आई गेल्यापासून मी बहुतेक वेळा उभ्यानंच जेवते. एका माणसासाठी पान मांडायचं, पाणी घ्यायचं, बसायचं, आणि मग समोरच्या भिंतीकडे बघत चावत राहायचं, त्यापेक्षा ओट्याशी उभं राहून पटकन संपवलेलं बरं वाटतं.

हे मराठीत लिहिते आहे याचंही मला हसू येतं, कारण पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आपल्या लोकांच्या या गल्लीत आता मराठी वाचणारं कुणी नाही. शेजारच्या घरातली नातवंडं माझं सगळं बोलणं समजतात आणि उत्तर तमिळमध्ये देतात. मी त्यांना 'जेवण जाहलें कां रे?' विचारते आणि ती 'आच्चु पाट्टी', झालं आजी, म्हणून पळतात. अक्षरं तुम्ही शिकवलीत, ओसरीवर पाटी घेऊन, शेजारची मुलं खेळत असताना. तेव्हा मला तुमचा राग यायचा. पुढे पुण्याच्या ऑफिसात सगळी नोकरी काढली. तिथले लोक माझ्या बोलण्याला हसायचे, 'कुठून आलात हो तुम्ही, शिवाजी महाराजांच्या वेळच्या?' असं विचारायचे. त्यांचं हसणं ऐकत ऐकत मी त्यांच्यासारखं लिहायला शिकले. आता निवृत्त होऊन इथं परतले आहे; बोलताना मात्र अजून तुमचेच शब्द तोंडात येतात, आणि ते ऐकायला घरात मीच असते.

तुम्ही कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होता. प्रयोगशाळेतल्या नमुन्यांवरची धूळ पुसायची, मुलांना सूक्ष्मदर्शक लावून द्यायचा, आणि शिकवायचं दुसऱ्यानं, असं ते काम. तुमचं स्वतःचं काम रविवारी असायचं. पहाटेची पहिली बस, तिरुवैयारूवरून अरियालूरला जाणारी. नदी आली की मला उठवायचं, असं आपलं ठरलेलं होतं, आणि त्या रस्त्याला नद्या इतक्या की मला झोपच मिळायची नाही. कोळ्ळिडम नदीचा लांब पूल ओलांडला की हिरवी शेतं मागे पडत, आणि मग ती लाल-पांढरी उघडी जमीन, मधूनच ताडाची झाडं, पावसानं चिरून काढलेले खोल ओढे. ओढ्याच्या भिंतीत थर दिसायचे, एकावर एक. तुम्ही मला त्या भिंतीपुढे उभं करता, डोक्यावर ओला टॉवेल टाकता आणि छत्रीच्या टोकानं दाखवता.

"हा सगळा समुद्राचा तळ होता. खालचा थर आधीं बसला, वरचा मागून. एवढें कळलें कां गे?"

"कळलें. पण किती आधीं?"

"हां. तें थर आपण होऊन सांगत नाहीं. तें शंखाला विचारायचें."

मग तुम्ही मला आपल्या घरातल्या त्या फोटोची आठवण करून दिलीत, ज्यात सगळे आत्या-काका ओळीनं बसलेत आणि ज्याच्या मागं तारीख लिहायला कुणाला सुचलं नाही. "तुझ्या आत्याच्या झंपरची बाही बघ. फुग्याची बाही. ती दोन-तीन वर्षेंच चालली, पण चालली तेव्हां गांवोगांवच्या बायका तीच शिवत होत्या. मग फोटो केव्हांचा?" मी म्हटलं, फुग्याच्या बाहीच्या वेळचा. "सरी, बरोबर. हा गुंडाळलेला शंख म्हणजे ती बाही. एकेक जात थोडाच काळ जगली, पण जगली तेव्हां सगळ्या समुद्रांत पसरली. ती ज्या थरांत सांपडेल, तो थर त्या काळचा. मग तो इथला असो कीं फ्रान्सचा." त्यानंतर कितीतरी दिवस मी आत्याकडे बघून तोंड दाबून हसायचे, आणि तिला वाटायचं तिच्या कुंकवाला काही झालंय.

बोलणी एकदाच खाल्ली तुमची, तीही त्या ओढ्यात. मला ताटलीएवढा शंख सापडला होता, एकही कड तुटलेली नाही. मी धावत घेऊन आले. तुम्ही विचारलंत, कुठून काढलास? मी म्हटलं, काढला नाही, वाळूत पडलेला होता. तुम्ही तो हातात घेऊन एकदा फिरवला आणि फेकून दिलात. "वरून घरंगळला असेल. कोणत्या थरांतला, कोण सांगणार आतां? जागा माहीत नाहीं तर त्याला विचारून उपयोग नाहीं. भिंतींत असेल तोच काढायचा, आणि काढल्याबरोबर चिठ्ठी लिहायची. घरीं जाऊन लिहूं म्हटलें कीं संपलें." मी परतीच्या बसमध्ये सगळा वेळ रडत होते. तिरुवैयारूला तुम्ही उतरलात, केळीच्या पानावर गरम अशोका हलवा घेऊन आलात, आणि माझ्या मांडीवर ठेवलात. बस सुटत आली होती म्हणून कंडक्टर तुमच्यावर ओरडत होता.

त्या चिठ्ठ्या अजून तशाच आहेत. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून केलेल्या, त्यावर तुमचं बारीक अक्षर: ओढ्याचं नाव, थराचा आकडा, मोठ्या ताडापासून किती पावलं. एक शंख, एक डबी, एक चिठ्ठी. कॉलेजात दगडावरच पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन नंबर घालायची पद्धत होती आणि तुम्हालाही घरी तेच करायचं होतं, पण आईपुढे तुमचं चाललं नाही. तिनं पहिला शंख पाहिला तेव्हाच त्याचा वळसा बघून हात जोडले होते. "चक्र आहे त्यावर. शाळिग्रामावर कोण शाई लावतें?" तुम्ही म्हणालात, अगं देव नाही हा, समुद्रातल्या कणवा मासळीचा, म्हणजे माकुळाचा, नातलग आहे. आपल्या सोवळ्या स्वयंपाकघरात हे बोललात! आईनं कान झाकले. मग म्हणाली, "देव असो नाहीं तर मासळी, माझ्या घरांत याला शाई लागायची नाहीं." म्हणून तुमच्या शंखांवर कधी नंबर पडले नाहीत. सगळी मदार त्या कागदाच्या कपट्यांवर राहिली.

हे एवढं लांबण लावलं, कारण पुढचं सांगायला जीभ रेटत नाही. पण आज सांगायचंच आहे.

मी तेरा वर्षांची होते. नवरात्र आलं आणि आई धाकट्या मावशीच्या बाळंतपणाला पापनाशमला गेलेली. म्हणजे कोलूची, बाहुल्यांच्या आराशीची, जबाबदारी माझ्यावर. पायऱ्या लावल्या, वर तुमचं पांढरं वेष्टीचं धोतर अंथरलं, मरप्पाची म्हणतात त्या लाकडी बाहुल्यांची जोडी, वाणी-वाणीण, मातीचे देव, सगळं मांडून झालं तरी सगळ्यात वरची पायरी रिकामीच. दोन मूर्ती त्या वर्षी फुटल्या होत्या. शेजारणी संध्याकाळी वेत्तलपाकू, विडा-सुपारी, घ्यायला येणार, आणि आई नाही म्हणून या घरानं कसंबसं उरकलं असं म्हणणार. तेव्हा मला तुमचं कपाट आठवलं. आई ज्यांना शाळिग्राम म्हणते ते चौदा देव घरात असताना वरची पायरी ओकीबोकी का ठेवायची? तुम्ही कॉलेजात होता. मी डब्या जमिनीवर मांडल्या, शंख काढले, तांब्याच्या परातीत त्यांना आधी दूध, मग पाणी घातलं, ब्रशानं घासलं, आईचं ऐकून ऐकून पाठ झालेलं होतं तेवढं म्हटलं. ओल्यावर गंध ओघळत होतं. म्हणून वाळवायला टेबलफॅन लावला.

अप्पा, चौदाही चिठ्ठ्या उडाल्या. मी गुडघ्यांवर रांगत सगळ्या गोळा केल्या, एक तर कोलूच्या पायऱ्यांखाली गेली होती. एकही हरवली नाही, याचाच मला आनंद झाला, इतकी मी मूर्ख. डब्याही इकडेतिकडे सरकल्या होत्या, कुठल्या डबीत कुठली चिठ्ठी होती हे आठवत नव्हतं. मग मी अंदाजानं ठेवल्या. मोठ्या डबीत मोठी चिठ्ठी. दशमीनंतर शंखही तसेच, मोठ्या डबीत मोठा, तांबूस माती दिसेल तो तांबूस डागाच्या डबीत. कोलू मांडला त्या संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा शेजारणी वरच्या पायरीला नमस्कार करत होत्या. तुम्ही दारात थांबलात, चपला काढल्यात, बराच वेळ बघत राहिलात आणि म्हणालात, "बरे दिसतात." मी तुमच्या पाठीमागं उभी होते. तेव्हाच सांगायला हवं होतं.

त्या वर्षी तुमचा निबंध जवळजवळ पुरा झाला होता. विषय, त्या ओढ्यातला एक पांढुरका थर. जुन्या नकाशात तो अलीकडच्या काळातला म्हणून दाखवला होता आणि तुमचं म्हणणं होतं की नाही, तो फार आधीचा आहे, शंख तसं सांगतात. तीन वर्षांचे रविवार तुम्ही त्यात घातलेत. तो छापून आला तर तुम्हाला शिकवायला वर्ग मिळेल, असं आई सगळ्यांना सांगत होती. कार्तिकात तुम्ही ओसरीवर कागद पसरून बसला होता आणि आईला सांगत होता, "मेळ खात नाहीं. एका थरांत दोन वेळांचे शंख निघतात. असें होत नाहीं. माझेंच कांही चुकलें." मी दाराच्या आत वेणी घालत होते. माझ्या डोळ्यांपुढे त्या उडालेल्या चिठ्ठ्या आल्या. तुम्ही कागद गोळा केलेत, ट्रंकेत ठेवलेत, आणि पुन्हा ते बाहेर निघालेले मी कधी पाहिले नाहीत. पुढच्या रविवारी तुम्ही मला उठवलं नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. काही महिन्यांनी तुमचंही जाणं बंद झालं. निवृत्त होईपर्यंत तुम्ही नमुन्यांवरची धूळ पुसलीत.

हे मी पुण्यात माझ्याबरोबर नेलं. लग्न का केलं नाही असं लोक विचारत, त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता, पण कुणाशी फार जवळीक झाली की मला हे सांगावंसं वाटायचं आणि सांगितलं की तो माणूस हसेल अशी भीती वाटायची. एवढंसं तर आहे ऐकायला. एका मुलीनं बापाचे दगड धुतले. पण तुमचं अख्खं आयुष्य तिथं अडलं, असं मी धरून चालले होते. तुमच्या शेवटच्या आजारात मी हॉस्पिटलात तुमच्या खाटेशी बसून होते तेव्हा रोज ठरवायचे, आज सांगू. तुम्ही विचारायचात, कॉफी प्यालीस कां? मी म्हणायचे, प्याले. मग तुम्ही डोळे मिटायचात आणि मी खिडकीतून गाड्या बघत बसायचे.

आता हे शंख नेणाऱ्या मुलीचं सांगते. ती कॉलेजात शिकवते, तुम्हाला जे शिकवायचं होतं तेच. आपल्याकडच्या शंखांबद्दल कुणाकडून तरी ऐकून ती आली. तरुण आहे, भरभर बोलते, चपला काढायच्या आधीच कपाटाजवळ पोचली. कपाटातलं बाकी सगळं बघताना ती सभ्यपणे मान हलवत होती, पण डब्या उघडल्या तेव्हा तिचा चेहराच बदलला. "चिठ्ठ्या आहेत, अम्मा! थरासकट!" देवनागरी तिला येत नाही, मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या ओढ्याचा बराच भाग आता खाणीत गेला आहे, पुन्हा असे शंख जागेवरून काढता येणार नाहीत, मी यांच्यावरून मुलांना त्या भागाचे थर मांडायला शिकवीन, आणि कपाटावर तुमच्या वडिलांचं नाव लावीन. अप्पा, तुमचं नाव. आणि माझ्या हातात माझ्याच अंदाजानं ठेवलेल्या चिठ्ठ्या. गप्प राहिले तर तुमच्या नावाखाली पोरं चुकीचं शिकणार. बोलले तर चौदाच्या चौदा शंख ओढ्यातल्या त्या ताटलीएवढ्या शंखासारखे फेकून द्यायच्या लायकीचे. मी म्हटलं, "घेऊन जायच्या आधी तपासता येईल का, चिठ्ठ्या बरोबर आहेत का ते?" का, ते सांगितलं नाही. तिला वाटलं, म्हातारी काटेकोर आहे.

तपासता येतं म्हणाली. शंख बाहेरून कितीही धुतला तरी त्याच्या आतल्या पोकळीत त्याच्या थरातली माती घट्ट बसलेली असते, आणि त्या मातीत पिठाच्या कणाएवढे आणखी शंख असतात. दर थरातला त्यांचा मेळा वेगळा. एकेका शंखातली चिमूटभर माती कोरून तिनं चौदा पुड्या बांधल्या आणि ओढ्याचा जेवढा भाग उरला आहे तिथून थराथराची माती आणून ताडून बघितली. तीन आठवडे लागले. परवा ती स्वतः आली, मिठाई घेऊन. चौदाच्या चौदा बरोबर, म्हणाली. जो शंख ज्या चिठ्ठीबरोबर आहे, तो त्याच थरातला.

ती पुढे सांगत होती की ओढ्याच्या मधोमध जमीन कधीकाळी फाटून एका बाजूनं खाली सरकली आहे. एका बाजूचा पांढुरका थर जुना, आणि दुसऱ्या बाजूचा, त्याच उंचीवर येऊन बसलेला पांढुरका थर वेगळाच, कितीतरी नंतरचा. दिसायला एकच पट्टा. फाट झुडपांत झाकलेली होती, तुमच्या वडिलांना ती दिसली नसेल, शंख मात्र खरंच सांगत होते, असं ती म्हणाली. चहा घेतला नाही, बस होती तिची.

म्हणजे मी नव्हतेच, अप्पा. जमिनीनं तुम्हाला फसवलं, आणि मी इतकी वर्षं उगाच ते माझ्या अंगावर घेऊन फिरले. मला हलकं वाटायला हवं होतं. पण मी चिठ्ठ्या अंदाजानं ठेवल्या होत्या हे तर खरं आहे, आणि चौदा अंदाज काही बरोबर येत नाहीत. कुणीतरी त्या परत जागच्या जागी लावल्या, आणि ते तुमच्याशिवाय कोण करणार? एकेक शंख तुम्ही आपल्या हातानं भिंतीतून काढलेला, तुम्हाला ते डोळे मिटून ओळखता आले असतील. कधी केलंत हे? मी शाळेत असताना? म्हणजे तुम्हाला कळलं होतं. कळलं होतं आणि तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. मग रविवारी मला उठवायचं बंद केलंत, ते म्हणून का? मी समजत होते, मी मोठी झाले, वयात आले, म्हणून नेत नाहीत. आणि एका थरात दोन काळांचे शंख निघाले तेव्हा तुम्हाला वाटलं का, की लावताना आपलीच एखादी चिठ्ठी चुकली असेल, की पोरीनं केलेला घोळ पुरता निस्तरलाच नाही? हे आता कोणतीही माती सांगणार नाही. तुम्ही त्या ओढ्यात जसे ओरडला होता तसे ओरडायला हवं होतं. मी रडले असते, तुम्ही हलवा आणला असता, आणि पुढच्या रविवारी आपण दोघं पुन्हा बसमध्ये बसलो असतो.

हे कागद डब्यांबरोबर ठेवून द्यावेत असं मघाशी मनात आलं होतं. पण ती मुलगी नेटाची आहे, कुणाला तरी गाठून वाचून घेईल, आणि मग तिला सगळ्याचाच संशय येईल. तेव्हा हे इथंच राहतील. एकच राहिलं. ती माती तपासत होती ते तीन आठवडे मी रोज देवापुढे दिवा लावून हात जोडत होते. शेजारीण म्हणाली, सगळं चांगलंच निघेल, काळजी करू नका. तिला मी हो म्हटलं. पण मी ते मागत नव्हते, अप्पा. सगळ्याच बरोबर निघाल्या तर तुम्हाला कळलं होतं असं ठरणार होतं, आणि तेच मला नको होतं. निदान एक तरी चिठ्ठी चुकलेली निघू दे, असं मागत होते.